दिवाळे निघाल्याचा कागद कुठे पाहायचा?

वाचकांचे प्रश्न, कायद्याची उत्तरे

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीची आहेत. कोणाचे तरी पैसे अडकले आहेत, समोरच्याने हात वर केले आहेत, आणि कोर्टात नेमके काय झाले आहे ते कोणी धड सांगत नाही. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत, आणि ज्यांच्याविषयी ती पत्रे आहेत त्यांची नावे व प्रकरण क्रमांक आम्हीच गाळले आहेत.

प्रश्न (एक द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका): सांगलीच्या मार्केट यार्डातील एका व्यापाऱ्याला मागच्या हंगामात बेदाणा आणि हळद दिली. थोडी रक्कम रोख मिळाली आणि बाकीचे दोन धनादेश वटले नाहीत. आता गाळ्याला कुलूप आहे आणि त्याने ‘कोर्टात नादारी घेतली’ असे यार्डात बोलले जाते. हे खरे आहे का, ते कुठे समजेल? खरे असेल तर आमचे पैसे बुडाले असे धरायचे का?

उत्तर: गाळ्याला कुलूप लागणे आणि नादार ठरणे, म्हणजे देणी फेडण्यास असमर्थ असल्याचे न्यायालयाने जाहीर करणे, यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर पार झाले की नाही हे फक्त न्यायालयाच्या कागदावरून कळते. व्यक्तीची किंवा भागीदारी पेढीची नादारी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आजही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखालीच चालते. २०१६ मध्ये नवी दिवाळखोरी संहिता आली तेव्हा हा जुना कायदा जाणार होता. परंतु संहितेतील व्यक्ती व भागीदारी पेढ्यांविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता लागू करण्यात आला, आणि जुना कायदा रद्द करणारे कलम अमलात आणले गेले नाही. मोबाइलवर शोध घेणाऱ्यांना संहितेचीच माहिती आधी सापडते आणि मग ते मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणाच्या याद्या चाळत बसतात. आपल्या व्यापाऱ्याचे नाव तेथे असण्याचे कारण नाही.

आपला शोध सांगलीत विजयनगर येथील जिल्हा न्यायालयापासून सुरू व्हावा. १९२० च्या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे नादारीचे अधिकार जिल्हा न्यायालयाला आहेत, मात्र राज्य सरकार अधिसूचनेने ते खालच्या दिवाणी न्यायालयालाही देऊ शकते. म्हणून वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयांची यादीही पाहिल्याशिवाय ‘काही नाही’ असा निष्कर्ष काढू नये. शिवाय कलम ११ नुसार ऋणको, म्हणजे देणेकरी, जेथे सामान्यतः राहतो किंवा धंदा करतो तेथे अर्ज करता येतो. गाळा सांगलीत आणि बिऱ्हाड कराडला असेल, तर कागद सातारा जिल्ह्यातही असू शकतो. यार्डातील माणसे व्यापाऱ्याला गाळ्याच्या पाटीवरील नावाने ओळखतात, न्यायालय मात्र त्याच्या पूर्ण नावाने ओळखते. तेव्हा पेढीचे नाव आणि प्रत्येक भागीदाराचे वडिलांच्या नावासह पूर्ण नाव आधी कागदावर लिहून घ्यावे. बाजार समितीकडील परवान्याच्या नोंदीत ही माहिती मिळते.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. त्यासाठी नावाची निदान तीन अक्षरे आणि वर्ष द्यावे लागते. येथे बहुतेकांची फसगत इंग्रजी स्पेलिंगमुळे होते. एकाच आडनावाचे दोन-तीन प्रकारे केलेले स्पेलिंग, मधेच टाकलेले आद्याक्षर किंवा पेढीच्या नावाआधीचे ‘मेसर्स’ यांपैकी काहीही शोध कोरा पाडू शकते. म्हणून पूर्ण नाव न टाकता नावाचा न बदलणारा तुकडा टाकावा, आणि ‘प्रलंबित’ व ‘निकाली’ ही दोन्ही प्रकारची प्रकरणे पाहावीत. त्याच ठिकाणी कायद्यानुसार शोध घेण्याचीही सोय असते; तेथे प्रांतिक नादारी कायदा निवडला तर त्या संकुलातील अशी सर्व प्रकरणे पुढे येतात, आणि ती इतकी थोडी असतात की एकेक उघडून वाचता येतात. प्रकरण सापडले की त्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टिपून ठेवावा. पुढे तारखा आणि आदेश त्याच क्रमांकावर दिसतात. दिवाणी दाव्यात कोर्ट फी भरण्याची ऐपत नसलेल्याचा जो अर्ज असतो, त्यालाही बोलण्यात नादारीचाच अर्ज म्हणतात. त्याचा या विषयाशी संबंध नाही.

प्रकरण सापडले तरी नुसता दाखल क्रमांक पाहून काही ठरवू नये. अर्ज दाखल झाला, अर्जावर हुकूम होऊन तो माणूस नादार घोषित झाला, आणि पुढे त्याला नादारीतून मुक्तता मिळाली, या तीन वेगवेगळ्या अवस्था आहेत आणि धनकोचे, म्हणजे ज्याचे पैसे येणे आहेत त्याचे, हक्क प्रत्येक अवस्थेत बदलतात. कित्येक अर्ज पहिल्याच अवस्थेत पडून राहतात किंवा फेटाळले जातात, तरी गावात मात्र ‘नादारी झाली’ हीच बातमी कायम असते.

वाचायचा सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे निशाणी १, अर्थात मूळ अर्ज. ऋणकोने स्वतः अर्ज केला असेल तर कलम १३ प्रमाणे त्यात त्याने देणे फेडण्यास असमर्थ असल्याचे विधान, सर्व धनकोंची नावे-पत्ते आणि रकमा, स्वतःच्या मालमत्तेचा तपशील, आणि पूर्वी असा अर्ज केला होता का, हे सर्व लिहावे लागते. त्या यादीत आपले नाव आहे का आणि असल्यास रक्कम किती दाखवली आहे, हे प्रथम पाहावे. नाव असेल तर आपण प्रकरणातील पक्षकार म्हणून नक्कल शाखेत अर्ज करून सहीशिक्क्याची प्रत मागू शकता. नाव नसेल तर त्रयस्थ म्हणून कारण दाखवून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. वटले नाहीत असे धनादेश आणि अडत्याची पट्टी ही कारणाची पुरेशी खूण आहे. काहीजण यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात आणि नकार आला की चिडतात. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की न्यायिक कागदांच्या प्रती न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागायच्या असतात. तेव्हा तो वळसा घेण्याचे कारण नाही.

पैसे बुडाले का, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘इतक्यात नाही’ असे आहे. नादार घोषित झाल्यानंतर न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याच्याविरुद्ध वसुलीचा नवा दावा लावता येत नाही; आपण आपले येणे त्याच प्रकरणात सिद्ध करायचे असते. ते शपथपत्राने होते, आणि कलम ४९ प्रमाणे ते शपथपत्र न्यायालयात देता येते किंवा नोंदणीकृत टपालानेही पाठवता येते. धनकोंची यादी एकदा तयार झाली म्हणून दार बंद होत नाही. कलम ३३ नुसार नादाराची मुक्तता होईपर्यंत धनको आपला पुरावा देऊ शकतो, मात्र आधी वाटून झालेल्या रकमेला उशिरा आलेल्याने हात लावता येत नाही, म्हणून घाई केलेली बरी. शपथपत्रासोबत हिशोबपट्ट्या, वजनाच्या पावत्या, बँकेचा खातेउतारा आणि धनादेश परत आल्याचा बँकेचा मेमो जोडावा. बँकेकडे गाळा किंवा गोदाम तारण असेल तर ती बँक आपल्या तारणापुरती या सगळ्याच्या बाहेर राहते, हेही लक्षात घ्यावे; मोठी मालमत्ता दिसते आणि वाटपाला काहीच उरत नाही, असे होते ते यामुळेच.

धनादेशांचे वेगळे सांगतो. बँकेचा मेमो हाती आल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस पोहोचल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढील एका महिन्यात फौजदारी तक्रार करावी लागते. यार्डातील कुजबुजीवर विसंबून ही मुदत घालवू नये. आणि हाही विचार करावा की धनकोलाही ऋणकोविरुद्ध नादारीचा अर्ज करता येतो. त्यासाठी येणे किमान ५०० रुपयांचे हवे, आणि मालमत्ता दडवणे, धनकोंना चुकवण्यासाठी धंद्याची किंवा राहण्याची जागा सोडून जाणे यांसारखे कलम ६ मधील एखादे कृत्य अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत घडलेले हवे. १९२० साली ५०० रुपये ही चांगली रक्कम होती. आज त्यात बेदाण्याची एक पेटीही येत नाही, पण कायद्यातील आकडा तसाच आहे. आणि तीन महिन्यांच्या त्या अटीमुळेच कुलूप कधी लागले ती तारीख महत्त्वाची आहे.

प्रश्न (एक बांधकाम साहित्य विक्रेता, कराड): आमच्याकडून सिमेंट-सळई नेणाऱ्या एका ठेकेदाराच्या नादारीच्या हुकमाची नक्कल मिळाली आहे. त्यात ‘नादार घोषित करण्यात येत आहे, मिळकत रिसीव्हरकडे निहित होईल, एक वर्षात मुक्ततेचा अर्ज करावा’ एवढे तीन ओळींत आहे. अर्जाच्या चौदा महिने आधी त्याने राहते घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून दिले आहे. तो आता दुसऱ्या गावात पुन्हा उधारीवर माल उचलत आहे. या तीन ओळींचा अर्थ काय?

उत्तर: नक्कल हातात घेतल्यावर प्रथम दोन तारखा वेगळ्या लिहून काढाव्यात, अर्जाची आणि हुकमाची. त्याच १९२० च्या कायद्याच्या कलम २८ प्रमाणे नादारीचा हुकूम मागे जातो आणि अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून अमलात आला असे मानले जाते. त्यामुळे मधल्या काळात ठेकेदाराने विकलेला टेम्पो किंवा वसूल केलेली बिले यांचाही हिशोब मागता येतो.

‘मिळकत रिसीव्हरकडे निहित’ याचा अर्थ असा की तिच्यावर आता ठेकेदाराची सत्ता नाही. रिसीव्हर, म्हणजे मिळकत सांभाळण्यासाठी न्यायालयाने नेमलेली व्यक्ती, ती ताब्यात घेईल, विकेल आणि आलेले पैसे सिद्ध झालेल्या येण्यांच्या प्रमाणात वाटेल. मुक्तता मिळण्यापूर्वी वारसाने किंवा अन्य मार्गाने त्याला जे मिळेल तेही रिसीव्हरकडेच जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली जे जप्त होऊ शकत नाही, म्हणजे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे अशा वस्तू, तेवढे मात्र त्याच्याकडे राहते. रिसीव्हरचे नाव हुकमात नसेल तर रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत, पाहावे. माझ्या मते नक्कल मागताना हुकमासोबत रोजनाम्याचीही नक्कल मागावी, कारण हुकूम तीन ओळींचा असतो आणि खरी गोष्ट रोजनाम्यात असते. कोणत्या तारखेला कोणता धनको हजर होता, रिसीव्हरने अहवाल दिला की नुसती मुदत मागितली, ऋणकोने हिशोबाच्या वह्या आणल्या की ‘वह्या पुरात गेल्या’ असे सांगितले, हे सर्व तेथे दिसते. कृष्णाकाठच्या प्रकरणांत ही पुराची सबब नवी नाही. पूर खरोखर आला होता का आणि तो त्या पत्त्यापर्यंत पोहोचला होता का, हे पंचनाम्यावरून तपासता येते.

बक्षीसपत्राचा मुद्दा आपल्या बाजूचा आहे. कलम ५३ नुसार, हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर माणूस नादार ठरला, तर ते हस्तांतरण रिसीव्हरविरुद्ध रद्द होण्यास पात्र ठरते. लग्नापूर्वी लग्नाच्याच मोबदल्यात केलेले, आणि सद्भावनेने व पुरेशा मोबदल्यावर घेणाऱ्याला केलेले, असे दोन अपवाद आहेत. मुलाला फुकट दिलेले घर त्यांत बसत नाही. चौदा महिने हा काळ मुदतीत आहे, पण तो तोंडी सांगून चालणार नाही. नोंदणी विभागाच्या ई-सर्चमधून सूची क्रमांक दोनचा उतारा काढून दस्ताची तारीख दाखवावी. घराची नोंद सिटी सर्व्हेला असेल तर मिळकत पत्रिका आणि शेतजमीन असेल तर फेरफारही जोडावा. अर्ज करणे हे मुख्यतः रिसीव्हरचे काम आहे. त्याला लेखी विनंती करा आणि पोच घ्या. त्याने नकार दिला तर येणे सिद्ध केलेला धनको कलम ५४-अ खाली न्यायालयाच्या परवानगीने स्वतः अर्ज करू शकतो. मर्जीतल्या एका धनकोचेच देणे इतरांना डावलून फेडले असेल तर त्यासाठी कलम ५४ आहे, मात्र तेथे मुदत फक्त तीन महिन्यांची आहे.

तिसरी ओळ सर्वांत दुर्लक्षित राहते. एका वर्षात ठेकेदाराने मुक्ततेचा अर्ज केला नाही, किंवा अर्ज करून तारखेला आला नाही, तर कलम ४३ प्रमाणे नादारीचा हुकूम रद्द होतो. असे झाले की आपल्याला पुन्हा दावा किंवा दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावता येते, आणि कलम ७८ नुसार हुकमापासून तो रद्द होईपर्यंतचा काळ मुदतीच्या हिशोबातून वगळला जातो. वर्ष केव्हा संपते ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि त्यानंतर लगेच प्रकरणाची स्थिती पाहावी. त्याने मुदतीत अर्ज केला, तर त्याला हरकत घेण्याचा आपल्याला हक्क आहे. मालमत्तेतून रुपयाला आठ आणेही निघत नसतील आणि तसे का झाले याचे समाधानकारक कारण तो देऊ शकत नसेल, तर न्यायालय विनाअट मुक्तता देत नाही. मुक्तता मिळाली तरी सरकारी देणे आणि फसवणुकीने केलेले देणे त्यातून सुटत नाही.

राहिला पुन्हा उधारी घेण्याचा प्रश्न. मुक्त न झालेल्या नादाराने आपण नादार आहोत हे न सांगता कोणाकडून ५० रुपये किंवा त्याहून अधिक उधारी घेणे हा कलम ७२ खालील गुन्हा आहे. त्या दुसऱ्या गावातील दुकानदाराकडून बिलाची प्रत मिळाली तर ती न्यायालयासमोर ठेवावी. जिल्हा न्यायालयाच्या ज्या हुकमांवर उच्च न्यायालयात अपील आहे, ते ९० दिवसांत करावे लागते, आणि सातारा-सांगलीच्या पक्षकारांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आहे.

प्रश्न (एक कामगार, कुपवाड एमआयडीसी): आमच्या कारखान्याचा पगार काही महिन्यांपासून थकला आहे. कंपनी ‘एनसीएलटीत गेली’ असे व्यवस्थापक सांगतो, पण कागद दाखवत नाही. सांगली कोर्टात चौकशी केली तर तेथे काही नाही म्हणाले.

उत्तर: सांगलीत नाही हे बरोबरच आहे. कंपनीची दिवाळखोरी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजेच एनसीएलटीकडे, चालते, आणि कोणते खंडपीठ हे कारखान्याच्या गावावरून नव्हे तर कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावरून ठरते. आपल्या नियुक्तीपत्राच्या किंवा कंपनीच्या कोणत्याही लेटरहेडच्या तळाशी सीआयएन नावाचा एकवीस अक्षरी क्रमांक छापलेला असतो. त्यातील पहिले इंग्रजी अक्षर आणि पाच अंक सोडून पुढची दोन अक्षरे पाहावीत. ती ‘एमएच’ असतील तर नोंदणी महाराष्ट्रातील असून प्रकरण मुंबई खंडपीठात असणार. ‘केए’ असतील तर नोंदणी कर्नाटकातील, आणि आपल्याला बंगळुरूच्या याद्या पाहाव्या लागतील. सीमेजवळच्या आपल्या जिल्ह्यात हे घडू शकते. मात्र कंपनीने पुढे कार्यालय दुसऱ्या राज्यात हलवले असेल तर जुना क्रमांकही बदललेला असतो, म्हणून ताज्या कागदावरचाच क्रमांक घ्यावा.

तो क्रमांक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनीची मूळ माहिती विनामूल्य दिसते, आणि तिची स्थितीही, म्हणजे ती चालू आहे की दिवाळखोरी प्रक्रियेत किंवा अवसायनात (कारभार गुंडाळून मालमत्ता विकण्याच्या टप्प्यात) आहे. त्यानंतर दिवाळखोरी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या संकेतस्थळावर ‘जाहीर घोषणा’ या भागात कंपनीचे नाव शोधावे. न्यायाधिकरणाने आदेश काढून अर्ज दाखल करून घेतला की अंतरिम व्यावसायिकाने, म्हणजे कंपनीचा कारभार पाहण्यासाठी नेमलेल्या दिवाळखोरी व्यावसायिकाने, नेमणुकीपासून तीन दिवसांत ‘फॉर्म ए’ नावाची घोषणा इंग्रजी आणि स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात द्यायची असते. त्यात त्याचे नाव, ई-मेल आणि दावे देण्याची शेवटची तारीख असते. घोषणा सापडली नाही, तर व्यवस्थापक म्हणतो ते बहुधा अर्ज दाखल होण्यापुरतेच खरे आहे. कोणीही अर्ज केला म्हणून पगार थांबवण्याचा अधिकार मिळत नाही; कारवाया गोठवणारा दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ चा स्थगिती काळ अर्ज दाखल करून घेण्याच्या आदेशानेच सुरू होतो.

घोषणा असेल तर कामगारांनी ‘फॉर्म डी’ भरायचा आहे. सर्वांच्या वतीने एकच प्रतिनिधी देणार असेल तर ‘फॉर्म ई’. सोबत पगारपत्रके, हजेरी कार्ड आणि बँकेचा उतारा जोडावा. घोषणेतील चौदा दिवसांची तारीख उलटली असली तरी विलंबाचे कारण देऊन पुढेही दावा घेतला जातो, परंतु समाधान योजना, म्हणजे कंपनी सावरून देणी भागवण्याचे प्रस्ताव, मागवण्याची वेळ येऊन गेली की काम कठीण होते. दावा दिल्यावर इतकेच करून थांबू नये. व्यावसायिकाला धनकोंची यादी जाहीर करावी लागते, त्या यादीत आपले नाव आणि मान्य केलेली रक्कम तपासावी. कंपनी शेवटी अवसायनात गेली तर कामगारांची त्याआधीच्या चोवीस महिन्यांची थकबाकी तारण सोडून देणाऱ्या बँकांच्या बरोबरीने धरली जाते. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी निधीतील रक्कम वाटपाच्या मालमत्तेत येत नाही, आणि त्याची चौकशी स्वतंत्रपणे करावी.

प्रश्न (निवृत्त शिक्षिका, कोरेगाव): गावातील पतसंस्था बंद पडली आहे. तिच्या दिवाळखोरीचे कागद कोणत्या कोर्टात मिळतील? विम्याचे पाच लाख मिळतात असे ऐकले आहे.

उत्तर: कोणत्याच कोर्टात नाही. सहकारी संस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली कलम १०२ च्या आदेशाने अवसायनात जाते, आणि कलम १०३ खाली तिच्यावर अवसायक नेमला जातो. कागद साताऱ्यात जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे असतात. येथे माहिती अधिकार उपयोगी पडतो, कारण निबंधक हे सार्वजनिक प्राधिकरण आहे. अंतरिम आणि अंतिम आदेश, अवसायकाचे नाव, शेवटचे लेखापरीक्षण आणि कर्जवसुलीच्या दाखल्यांची यादी एवढे मागावे. बाई, लेखापरीक्षण अहवाल आवर्जून मागा. संचालकांवर जबाबदारी बसवण्याची कलम ८८ ची चौकशी त्यावरच उभी राहते.

विम्याचे आपण ऐकले ते बँकांबद्दल आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विमा पाच लाखांपर्यंत आहे आणि तो सहकारी बँकांना लागू आहे, पतसंस्थांना नाही. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये रद्द केला तेव्हा ठेवीदारांना विमा मिळू शकला तो ती बँक होती म्हणून. त्याच कराडची बँक ऑफ कराड १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बुडाली, पण ती कंपनी होती, म्हणून तिचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. एकाच गावातील दोन बँका, आणि कागद दोन वेगळ्या दारांत.

प्रश्न (तासगाव तालुक्यातून एक वाचक): आमच्या पणजोबांची जमीन १९३० च्या दशकात ‘नादारीत गेली’ असे घरात सांगतात. तो कागद सांगली कोर्टात मिळेल का?

उत्तर: आधी साताऱ्यात विचारावे. तासगाव तालुका त्या काळी सातारा जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याच काळात मिरज किंवा जत येथे घडलेली गोष्ट असती तर संस्थानी दप्तर शोधावे लागले असते.

पणजोबा शेतकरी असतील तर ती नादारी १९२० च्या कायद्याखालचीच असेल असेही नाही. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये झालेला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता, आणि त्यात शेतकऱ्याच्या नादारीचे स्वतंत्र प्रकरण होते. असे अर्ज दुय्यम न्यायाधीशांपुढे चालत. घरच्यांनी सांगितलेले दशक थोडे पुढे सरकले आणि फेरफारात ‘बी. ए. डी. आर.’ अशी अक्षरे दिसली, तर ते शेतकरी ऋणमुक्ती कायद्याखालचे प्रकरण समजावे, ज्यात कर्जाची छाननी होऊन निवाडा दिला जाई आणि हप्ते बांधून दिले जात.

इतक्या जुन्या प्रकरणाचे सर्व कागद न्यायालयाने जपलेले असतीलच असे नाही, कारण काही कागद ठरावीक वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट केले जातात. म्हणून सुरुवात तलाठी कार्यालयातील आणि तहसील अभिलेख कक्षातील जुन्या फेरफारांपासून करावी. जमीन खरोखर रिसीव्हरने विकली असेल तर खरेदीदाराच्या नावे झालेल्या फेरफारात कोर्टाचे नाव, प्रकरणाचा क्रमांक आणि साल लिहिलेले असते. सावकाराच्या साध्या खरेदीखताने गेली असेल तर तसे लिहिलेले असते, आणि मग नादारीचा शोध तेथेच संपतो. क्रमांक मिळाल्यास तो, साल आणि पणजोबांचे वडिलांच्या नावासह पूर्ण नाव देऊन साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात अभिलेख कक्षासाठी अर्ज करावा, आणि मूळ कागद नसल्यास त्या वर्षाच्या नोंदवहीतील उताऱ्याची नक्कल द्यावी, असे अर्जातच लिहावे.